सहा ठिपके, दोन भाषा

सीमाभागातल्या मुलांना दोन लिप्या गिरवाव्या लागतात, एक देवनागरी आणि दुसरी कन्नड. दृष्टिहीन मुलांचे मात्र तसे नाही. १९५१ साली भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' ठरली, तेव्हा एका उच्चाराला शक्यतो सगळ्या भाषांत एकच खूण ठेवली गेली. म्हणून मराठी 'क' असो वा कन्नड 'क', बोटाला लागतात ते पहिला आणि तिसरा हेच ठिपके. दोन्ही भाषांचा लाडका 'ळ'सुद्धा एकच: चौथा, पाचवा आणि सहावा ठिपका.

माझी पुतणी जन्मापासून दृष्टिहीन आहे. घरात मराठी, शाळेत कन्नड. आता ती दहावीत जाईल. ब्रेलच्या जाड कागदांचे गठ्ठे दप्तरात मावेनात, म्हणून तिला ब्रेल नोटटेकर घ्यायचा विचार सुरू झाला आणि चौकशीचे काम माझ्याकडे आले. तीच माहिती इथे देत आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरी असाच प्रश्न असेल, तर उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न भावानेच विचारला, "ताई, मोबाईल बोलतोच की! मग एवढा खर्च कशाला?" प्रश्न रास्त आहे. बोलणाऱ्या मोबाईलने दृष्टिहीनांचे आयुष्य खरोखरच सोपे केले आहे. पण ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे. 'दिन' आणि 'दीन' हे शब्द कानाला जवळजवळ सारखेच लागतात, ब्रेलमध्ये मात्र ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीचे ठिपके निरनिराळे असतात. कन्नडात तर ऱ्हस्व 'ए' आणि दीर्घ 'ए' अशी दोन वेगळी अक्षरेच आहेत. जे मूल फक्त ऐकते, त्याला शब्द कसा लिहायचा ते कळत नाही आणि परीक्षेत लेखनिकाला नीट सांगता येत नाही. बोटांनी वाचणारे मूलच खऱ्या अर्थाने साक्षर होते.

आता यंत्रांकडे वळू. नोटटेकरवर ब्रेल लिहिण्यासाठी मोजक्याच कळा असतात आणि वाचण्यासाठी ठिपक्यांची एक ओळ. टाचणीच्या डोक्याएवढे खुंट वरखाली होऊन अक्षर उमटते. यात ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

पहिला प्रकार मोठ्या यंत्रांचा. न्यूझीलंडमध्ये २००० साली सुरू झालेल्या ब्रेलनोट मालिकेतला २०१६ चा 'ब्रेलनोट टच' आणि दक्षिण कोरियाचा २०२१ मधला 'ब्रेलसेन्स सिक्स' ही त्याची उदाहरणे. दोन्हींमध्ये बत्तीस अक्षरांची ओळ मिळते. यंत्र बोलते, ई-मेल पाठवते, इंटरनेट चालवते. थोडक्यात, हा पडदा नसतानाही वापरता येणारा छोटा संगणकच. पण प्रत्येक अक्षराला आठ खुंट, म्हणजे ओळीत दोनशे छप्पन्न. वीज मिळताच वाकणाऱ्या स्फटिकाच्या पट्ट्या त्यांना उचलतात. या पट्ट्या महाग असल्याने किंमत लाखांत जाते. शिवाय ही यंत्रे अँड्रॉइडवर चालतात. 'ब्रेलनोट टच' आला तो अँड्रॉइड ४.४ घेऊन. ती आवृत्ती जुनी झाली, तशी नवी अ‍ॅप्स त्यावर चालेनाशी झाली. खुंट शाबूत आणि आतला संगणक म्हातारा, अशी गत होते.

दुसरा प्रकार लहान यंत्रांचा. अनेक देशांतल्या अंधांसाठीच्या संस्थांनी एकत्र येऊन स्वस्त यंत्राचा ध्यास घेतला, त्यातून 'ऑर्बिट रीडर २०' तयार झाला. आपल्या मुंबईतही 'ब्रेल मी' हे यंत्र घडले. दोन्हींमध्ये वीस अक्षरांची ओळ, मेमरी कार्डावर पुस्तके, साध्या टिपणांची सोय, आणि ब्लूटूथने मोबाईलला जोडण्याची व्यवस्था. महागड्या स्फटिकाला यांनी फाटा दिला, म्हणून किंमत मोठ्या यंत्रांच्या काही अंशावर आली. ओळखीच्या एका शिक्षकांकडे 'ऑर्बिट' हाताळून पाहिला. ठिपके ठसठशीत लागतात, पण ओळ बदलताना खुंट टकटक वाजत डावीकडून उजवीकडे उठत जातात. भरभर वाचणाऱ्याला हा संथपणा खुपेल. शिकणाऱ्या मुलीला चालेल असे मला वाटते.

आपल्या घरांसाठी खरी मेख पुढेच आहे. दोन्ही भाषांचे ठिपके एकच, त्यामुळे साधे यंत्र भाषा विचारत बसत नाही. पुतणी एका ओळीत मराठी आणि पुढच्या ओळीत कन्नड लिहू शकते. पण तेच टिपण डोळस शिक्षकांना छापून द्यायचे झाले, तर ठिपके मराठीत वाचायचे की कन्नडात, हे संगणकाला सांगावे लागते. इंग्रजी समजून वाचले तर अर्थहीन अक्षरे उमटतील. म्हणून प्रत्येक भाषेची वेगळी फाइल ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. संगणकावरचा 'एनव्हीडीए' हा फुकट मिळणारा कार्यक्रम मराठी आणि कन्नड, दोन्ही ब्रेल जाणतो.

घेण्यापूर्वी विक्रेत्याला चार गोष्टी जरूर विचाराव्यात. दुरुस्ती भारतात होते का? बॅटरी बदलून मिळते का? मुलाला आठवडाभर वापरून पाहता येईल का? मराठी आणि कन्नड मजकूर समोर उघडून दाखवाल का? सरकारच्या 'एडिप' योजनेत मदत मिळेल का, हेही जिल्हा कार्यालयात विचारावे. पुस्तकांसाठी २०१६ साली सुरू झालेले 'सुगम्य पुस्तकालय' आहे.

आणि ब्रेलपाटी माळ्यावर टाकू नये. चार्जिंग संपले, पावसात वीज गेली, तरी पाटी आणि स्टायलस चालतातच. आमच्या घरी सध्या लहान यंत्राचा कौल आहे. उरलेल्या पैशांत मराठी-कन्नड दोन्ही ब्रेल पुस्तके छापून घ्यावीत, असे तिच्या अज्जीचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते.