यादी हजारांची, ओळी बाराच

फोनमधली संपर्क यादी उघडा आणि बोटानं वर ढकला. नातेवाईक, जुने सहकारी, दूधवाला, गॅसवाला, कधीतरी एकदाच लागलेला प्लंबर अशी पाचशे-हजार नावं सरसर डोळ्यांसमोरून जातात. पडद्यावर एका वेळी दहाच मावतात. बाकीची नावं खाली कुठेतरी तयार होऊन रांगेत थांबली असतील, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अ‍ॅपनं त्या सगळ्या यादीसाठी बारा-तेरा ओळीच बनवलेल्या असतात. वरच्या कडेपलीकडे गेलेली ओळ उचलायची, तिच्यावर पुढचं नाव आणि पुढचा फोटो चढवायचा आणि ती खालच्या कडेनं पुन्हा आत आणायची, हा उद्योग बोट फिरत असताना अखंड चालू असतो. विहिरीवरच्या रहाटाला गाडगी मोजकी असतात, त्यांतून येणारं पाणी मात्र दिवसभर येत राहतं. तशीच ही रचना आहे. ती नीट बसली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. बिघडली तर काय होतं, ते पुढे पाहू, कारण माझ्या मते खरा अभ्यास तिथेच आहे.

आधी हा खटाटोप का करावा लागतो ते पाहायला हवं. संदेशांच्या यादीतली एक साधी ओळ घ्या. डावीकडे फोटो, शेजारी नाव, त्याखाली संदेशाचा पहिला तुकडा, उजवीकडे वेळ आणि न वाचलेल्या संदेशांचा आकडा. अँड्रॉइडमध्ये यातला प्रत्येक घटक हा एक ‘व्ह्यू’ असतो आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या चौकटी म्हणजे आणखी एक-दोन व्ह्यू. ओळ बनवायची म्हणजे मांडणीची फाइल वाचायची, तीत नोंदलेला प्रत्येक व्ह्यू मेमरीत उभा करायचा, एकात एक बसवायचा, मग प्रत्येकाची लांबी-रुंदी मोजायची. डेव्हलपर मंडळी याला ‘इन्फ्लेट करणं’ म्हणतात. एका ओळीपुरतं हे काम किरकोळ वाटतं. पण पडदा सेकंदाला ६० वेळा नव्यानं रंगवला जातो, म्हणजे एका चित्रासाठी हातात जेमतेम १६.७ मिलिसेकंद असतात. १२० हर्ट्झच्या नव्या फोनवर तर ८.३. तेवढ्यात ओळ तयार झाली नाही तर ते चित्र चुकतं आणि वापरणारा म्हणतो, ‘फोन अडकतोय’.

मेमरीचा हिशेब याहून कडक आहे. १०० बाय १०० टिंबांचा छोटासा फोटो, प्रत्येक टिंबाला ४ बाइट, म्हणजे ४०,००० बाइट झाले. हजार ओळींचे हजार फोटो एकदम धरून ठेवले तर चार कोटी बाइट, जवळपास ४० एमबी. २००८ साली बाजारात आलेला पहिला अँड्रॉइड फोन, एचटीसी कंपनीनं बनवलेला, १९२ एमबी रॅमचा होता आणि त्यावर एका अ‍ॅपला मिळणारी हीप मेमरी १६ एमबी होती. हजार ओळी एकदम उभ्या करणं ही तिथे उधळपट्टी नव्हती, ती अशक्य गोष्ट होती.

म्हणून ओळींच्या पुनर्वापराची सोय अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्ही मोबाइल प्रणालींमध्ये पहिल्यापासून आहे. अ‍ॅपलनं २००८ मध्ये बाहेरच्या डेव्हलपरांना आयफोनची दारं उघडली, तेव्हा यूआयटेबलव्ह्यू या घटकात ‘वापरून झालेली एखादी ओळ शिल्लक आहे का?’ असं विचारण्याची पद्धत होती. असेल तर तीच वापरायची, नसेल तरच नवी बनवायची. अँड्रॉइडच्या लिस्टव्ह्यूमध्ये हेच काम गेटव्ह्यू नावाच्या फंक्शनमधून व्हायचं. यादी अ‍ॅपला म्हणायची, ‘४२ व्या जागेसाठी ओळ दे, आणि ही घे एक जुनी.’ ती जुनी ओळ कन्व्हर्टव्ह्यू या नावानं हातात यायची.

अडचण अशी की ती जुनी ओळ घेण्याची सक्ती नव्हती. कन्व्हर्टव्ह्यूकडे ढुंकूनही न बघता दर वेळी नवी ओळ बनवणारं कोड बिनतक्रार चालायचं, आणि तसं कोड भरपूर लिहिलं गेलं. त्यात भर म्हणजे टाकून दिलेल्या ओळींचा कचरा. तो गोळा करायला गार्बेज कलेक्टर येतो, आणि २०१० च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड २.३ च्या आधी तो यायचा तेव्हा अ‍ॅपचं बाकीचं सगळं काम थांबायचं. तो थांबा १०० मिलिसेकंदांच्या पुढेही जायचा. सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबात ही सहा चित्रं गेली. यादी सरकवताना मध्येच बसणारा तो गचका त्या काळचे फोन वापरलेल्यांना आठवत असेल.

२०१० च्या गूगल आय/ओ परिषदेत रोमँ गी आणि अ‍ॅडम पॉवेल या अँड्रॉइडच्या अभियंत्यांनी एक पूर्ण सत्र फक्त लिस्टव्ह्यूला दिलं. एका यादीवर तासभर बोलावं लागावं, इतका तो विषय कळीचा होता. ओळ पुन्हा वापरा हे तर त्यात होतंच, शिवाय ‘व्ह्यूहोल्डर’ची युक्तीही होती. ओळ जुनी वापरली तरी तिच्यात ‘नाव कुठे आहे, फोटो कुठे आहे’ हे दर वेळी शोधावं लागतं. तो शोध एकदाच घ्यायचा आणि सापडलेले पत्ते ओळीलाच एका छोट्या वस्तूत जोडून ठेवायचे, म्हणजे पुढच्या वेळी थेट हात जातो. ही युक्ती पुढची काही वर्षं मुलाखतींमध्ये विचारली जायची.

२०१४ मध्ये गूगलनं लिस्टव्ह्यूच्या जागी रिसायकलरव्ह्यू आणला आणि जे ऐच्छिक होतं ते सक्तीचं केलं. आता कामाचे दोन वेगळे टप्पे झाले. एका फंक्शनमध्ये ओळ बनते, दुसऱ्यात तिच्यावर मजकूर चढतो. बनवणारं फंक्शन सुरुवातीला मोजक्या वेळा चालतं, चढवणारं मात्र यादी सरकेल तसं चालत राहतं. चुकीचं कोड लिहिणंच अवघड करून ठेवायचं, ही रचनाकाराची दृष्टी मला फार मोलाची वाटते. सूचना कितीही चांगली लिहिली तरी ती वाचली जाईलच असं नाही. फंक्शनची फोड मात्र सगळ्यांना पाळावीच लागते.

रिसायकलरव्ह्यूच्या आतली व्यवस्थाही बघण्यासारखी आहे. पडद्याबाहेर गेलेली ओळ लगेच पुसली जात नाही. शेवटच्या दोन ओळी आहेत तशा, मजकुरासकट, जवळ ठेवल्या जातात, कारण माणूस यादी थोडी खाली ढकलतो आणि बरेचदा लगेच मागे येतो. मागे आला तर त्या ओळी जशाच्या तशा परत लावता येतात, काहीच काम पडत नाही. त्याहून जुन्या ओळी एका साठ्यात जातात, आणि तिथून काढलेल्या ओळीवर मजकूर नव्यानं चढवावा लागतो. हा साठा ओळीच्या प्रकारानुसार वेगळा असतो, प्रत्येक प्रकाराला साधारण पाच. गप्पांच्या अ‍ॅपमध्ये माझा संदेश उजवीकडे, समोरच्याचा डावीकडे आणि मध्ये तारखेची पट्टी असेल, तर ते तीन प्रकार झाले, आणि तारखेच्या पट्टीवर संदेश चढवायचा प्रसंग येत नाही.

आता बिघाडांकडे वळू. यादीत तिसऱ्या ओळीवर टिचकी मारून खूण करा, खाली सरका, आणि पंधराव्या ओळीवर, जिला तुम्ही हातही लावला नाही, तिथे तीच खूण दिसते. नवशिका डेव्हलपर इथे चक्रावतो. झालेलं एवढंच असतं की तिसरी ओळ फिरून पंधराव्या जागी आली आणि जुनी खूण अंगावर घेऊनच आली. असाच दुसरा प्रकार: ‘संदेश वाचला नसेल तर नाव ठळक कर’ असं लिहिलेलं असतं, पण ‘वाचला असेल तर साधं कर’ हे राहून गेलेलं असतं. ओळ एकदा ठळक झाली की ठळकच राहते, आणि थोडं सरकवलं की सगळी यादी ठळक होऊन बसते. आयफोनच्या बाजूला यासाठी प्रिपेअरफॉररियूज नावाची पायरी आहे. ओळ पुन्हा वापरात जाण्याआधी तिथे जुन्या खुणा पुसता येतात.

फोटोंचा घोटाळा याहून नाजूक. ओळीसाठी फोटो इंटरनेटवरून मागवला जातो आणि तो यायला वेळ लागतो. तोवर यादी सरकलेली असते आणि ती ओळ दुसऱ्याच नावासाठी वापरात असते. उशिरा आलेला फोटो बिचारा जुन्या पत्त्यावर जातो आणि एका माणसाच्या नावापुढे दुसऱ्याचा चेहरा झळकतो. क्षणभरच दिसला तरी पैसे पाठवण्याच्या अ‍ॅपमध्ये तो क्षणही मला परवडण्यासारखा वाटत नाही. ग्लाइड, पिकासो यांसारख्या लायब्ररी हे सांभाळतात. त्याच जागेसाठी नवी मागणी आली की जुनी रद्द करतात.

सगळ्यात घातक चूक डोळ्यांना दिसतच नाही. घाऊक मालाची ऑर्डर घेणारं अ‍ॅप आहे असं समजा. प्रत्येक मालापुढे संख्या लिहायची चौकट, आणि चौकटीत बदल झाला की तो टिपणारा लिसनर. दुकानदारानं साखरेपुढे ५ लिहिलं, लिसनरनं साखरेच्या नोंदीत ५ घातलं. यादी सरकली, तीच ओळ आता तूरडाळीसाठी आली. कोडनं चौकटीत तूरडाळीची संख्या, म्हणजे शून्य, भरली. जुना लिसनर काढायचा राहिला होता. त्याला चौकटीत बदल झालेला दिसला आणि त्यानं इमानदारीनं साखरेच्या नोंदीत शून्य लिहिलं. पडद्यावर सगळं ठीक दिसतं. साखर मात्र ऑर्डरमधून गेली.

या सगळ्या चुकांच्या मुळाशी एकच समजूत आहे, की ओळ ही त्या नोंदीची मालकीण आहे. ती तशी नाही. ओळीनं स्वतःजवळ काहीही ठेवायचं नाही. काय निवडलं, किती लिहिलं, वाचलं की नाही, हे सगळं ओळीच्या बाहेर, मूळ नोंदीत राहायला हवं, आणि मजकूर चढवताना ओळीचा प्रत्येक गुण नव्यानं सांगायला हवा. पुनर्वापराचं कौतुक बहुधा वेग आणि मेमरी यांच्यापुरतं होतं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती ही शिस्त. दिसणं आणि असणं यांची गल्लत केली तर मोजक्या ओळींची यादी ती चूक बहुतेक वेळा काही मिनिटांत उघड करते.

पुनर्वापरानं काय वाचत नाही हेही सांगायला हवं, आणि इथे मराठी अ‍ॅप बनवणाऱ्यांचा थेट संबंध येतो. ओळीची चौकट आयती मिळाली तरी मजकूर नवा असतो आणि तो मोजावाच लागतो. देवनागरीत हे मोजणं सरळ नसतं. पहिली वेलांटी मेमरीत व्यंजनानंतर साठवलेली असते आणि पडद्यावर मात्र व्यंजनाच्या आधी काढावी लागते. ‘राष्ट्र’ किंवा ‘कर्तृत्व’ लिहिलं की जोडाक्षरं जुळवायची, रफार योग्य जागी न्यायचा. अँड्रॉइडमध्ये हे काम हार्फबझ नावाचं इंजिन करतं. ते झाल्यावरच मजकूर कुठे मोडतो आणि ओळ किती उंच होते हे कळतं. बातम्यांच्या अ‍ॅपमध्ये चार-चार ओळींचे मथळे आणि सारांश असतील तर मजकूर मोजण्याचाच वेळ भरपूर होतो. २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये प्रीकम्प्युटेडटेक्स्ट नावाची सोय आली. तिच्यामुळे हे मोजमाप मागच्या थ्रेडवर, म्हणजे पडदा रंगवण्याच्या कामाला न अडवता, आधीच करून ठेवता येतं. मराठी मजकुराची लांब यादी दाखवणाऱ्यानं तिची ओळख करून घ्यायलाच हवी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आणि एक चूक अशी आहे की जी पुनर्वापराचा सगळा डोलारा गुपचूप पाडते. वर एखादं मोठं चित्र, खाली यादी, आणि दोन्ही एकत्र सरकावं म्हणून रिसायकलरव्ह्यू दुसऱ्या एका सरकत्या चौकटीत ठेवला जातो. उंची ‘मजकुराला लागेल तेवढी’ अशी दिली जाते. मग यादीला वाटतं आपल्याला हवी तेवढी जागा आहे, आणि ती सगळ्याच्या सगळ्या ओळी एकदम बनवून टाकते. चाचणीत वीस नोंदी असतात तोवर काही जाणवत नाही. वापरणाऱ्याकडे दोन हजार नोंदी झाल्या की अ‍ॅप उघडतानाच गुदमरतं.

नव्या साधनांमध्ये हे यंत्र आणखी आत गेलं आहे. अँड्रॉइडच्या जेटपॅक कंपोजची पहिली स्थिर आवृत्ती २०२१ मध्ये आली. कंपोजमध्ये यादीसाठी लेझीकॉलम लिहिताना पुनर्वापराचा उल्लेखही करावा लागत नाही. आत तो होतो. फ्लटरची वाट वेगळी आहे. तिथे पडद्याबाहेर गेलेली ओळ सरळ सोडून दिली जाते आणि आत येणारी नव्यानं बनते. रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या फ्लॅटलिस्टचंही तसंच. मग २०२२ मध्ये शॉपिफायनं फ्लॅशलिस्ट आणली आणि ओळी पुन्हा वापरायला सुरुवात केली. ओळ फिरवा किंवा टाकून द्या, तिच्या आत ठेवलेली खूण दोन्हीकडे हरवते किंवा भलतीकडे जाते.

हे सगळं आजच्या आठ जीबीच्या फोनवर कशाला, असं विचारलं जातं. फोन आठ जीबीचा आहे तो अ‍ॅप बनवणाऱ्याच्या हातात. गूगलनं २०१७ मध्ये १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनसाठी अँड्रॉइडची वेगळी ‘गो’ आवृत्ती काढली, कारण असे फोन वापरणारे लोक आहेत. त्यांच्या फोनमध्ये संपर्क, संदेश आणि उधारीच्या नोंदी काही कमी नसतात.

तेव्हा यादी तपासायची ती हाताशी असलेल्या सगळ्यात स्वस्त फोनवर आणि किमान हजार नोंदी भरून. तिसऱ्या ओळीवर खूण करून खाली जावं, परत यावं. मग डेव्हलपर पर्यायांतलं रेंडरिंग प्रोफाइल चालू करावं. पडद्याच्या तळाशी उभ्या पट्ट्या दिसू लागतात, प्रत्येक पट्टी म्हणजे एक चित्र, आणि आडवी हिरवी रेघ १६ मिलिसेकंदांची. यादी जोरात ढकलल्यावर पट्ट्या त्या रेघेवर चढत असतील, तर पहिली शंका मजकूर चढवणाऱ्या फंक्शनवर घ्यावी. तारखा घडवणं, डेटाबेसला विचारणं, फाइल उघडणं असली कामं तिथे हमखास सापडतात. ती यादीकडे नोंदी सोपवण्याआधीच मागच्या थ्रेडवर उरकता येतात.