शेंबा: घोड्याचा रोग आणि त्याच्या वाटा

वडखळहून अलिबागला निघालं की धरमतरची खाडी लागते. आता पुलावरून गाडी दोन मिनिटांत पार होते. पूर्वी मुंबईची बोट इथल्या धक्क्याला लागायची आणि पुढचा प्रवास टांग्याने नाहीतर बैलगाडीने. टांगे गेले, पण घोडे आपल्या जिल्ह्यात आजही आहेत. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे जाणारी घोडागाडी आहे, वरातीतली घोडी आहे, आणि माथेरानला तर घोड्याशिवाय पान हलत नाही. या जनावरांवर पोट असलेली कुटुंबं डोळ्यांसमोर ठेवून आज आपण ग्लँडर्सबद्दल बोलू. जुनं मराठी नाव शेंबा.

नाव लक्षणावरूनच पडलंय. नाकातून चिकट, पिवळसर, कधी रक्ताळलेला शेंबूड येतो. नाकात आतून व्रण पडतात, फुफ्फुसात गाठी होतात. कातडीखाली मण्यांच्या माळेसारख्या गाठी उठून फुटल्या तर त्या रूपाला फार्सी म्हणतात. गाढव आणि खेचर यात काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत दगावतात. घोड्याचं मात्र तसं नाही. तो महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही रोग अंगात बाळगून काम करत राहतो, आणि त्याच हौदावर बाकीचे घोडे पाणी पितात.

जंतू सापडला १८८२ मध्ये, जर्मनीत, लोफ्लर आणि शुट्झ यांना. आजचं नाव बर्खोल्डेरिया मॅलेई. याचा एक चुलत भाऊ ओल्या मातीत आणि पाण्यात राहतो. भातशेतीच्या पट्ट्यात, पश्चिम किनाऱ्यावरही, तो माणसांना मेलिऑइडोसिस हा आजार देतो. मॅलेई त्याच्याच वंशातला, पण प्राण्यांच्या अंगात राहून राहून त्याने मातीत जगण्यासाठी लागणारी जनुकं गमावली. चुलत भावाचा जनुकसंच सुमारे ७२ लाख अक्षरांचा, याचा ५८ लाखांचा. ओलसर तबेल्यात तो काही आठवडे तग धरतो, कडक उन्हात लवकर मरतो. म्हणजे त्याला कायमचं घर एकच, जनावराचं अंग. म्हणून प्रत्येक बाधित जनावर शोधलं तर रोग खरंच संपवता येतो. पुष्कळ देशांनी तसा तो संपवलाही.

शोधायचं कसं? १८९० च्या सुमारास रशियात हेलमन आणि काल्निंग या पशुवैद्यांनी मॅलीन तयार केलं. ते टोचलं की बाधित घोड्याला सूज आणि ताप येतो. काल्निंग स्वतः याच रोगाने गेले. त्याच सुमारास, १८८९ मध्ये, आपल्या पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी सरकारी प्रयोगशाळा निघाली. ती पुढे मुक्तेश्वरला हलली, आणि आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. १८९९ मध्ये ग्लँडर्ससाठी वेगळा कायदाच झाला. २००९ च्या कायद्याने त्याची जागा घेतली. आता रक्ताचे नमुने हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जातात.

रोग जुना झाला असं वाटत असतानाच २००६ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर परतला, आणि ती साथ सुरू झाली आपल्या महाराष्ट्रातून. पुणे, पाचगणी भागातले घोडे बाधित निघाले. मग इतर राज्यांतही.

घोड्याबाहेर तो कुणाकुणाला होतो? उंटाला होतो, बहारीनमध्ये झाला. बाधित मांस खाऊन वाघ-सिंहांना होतो. तेहरानच्या प्राणिसंग्रहालयात तसं घडलं. गाय, म्हैस, डुक्कर यांना सहसा होत नाही, त्यामुळे गोठेवाल्यांनी घाबरू नये. माणसाला मात्र होतो. हाताच्या जखमेतून, डोळ्यातून, श्वासातून. मोतद्दार, पशुवैद्य, प्रयोगशाळेतली माणसं यांना धोका जास्त. २००० साली अमेरिकेतल्या लष्करी प्रयोगशाळेतला एक संशोधक हातमोजे न घालता काम करत होता, त्याला लागण झाली. प्रतिजैविकांनी वाचला, पण उपचार महिनोन्‌महिने चालले. वेळेवर उपचार न झाल्यास माणूस सहसा वाचत नाही. लस कुणासाठीच नाही.

आता अवघड भाग. घोड्यावर उपचार करत नाहीत, कारण तो बरा दिसला तरी जंतू आत राहतो. त्याला दयामरण देतात. केंद्राच्या आराखड्यात भरपाई घोड्यामागे २५ हजार, गाढव-खेचरामागे १६ हजार रुपये. कामाचा, शिकवलेला घोडा या पैशांत येत नाही, हे घोडेवाल्यांना सांगायला नको. मग शेंबूड दिसला की माणूस नाक पुसतो, घोडा रात्रीच टेम्पोत चढवून दुसऱ्या गावी नेतो. आमच्या मते यात दोष एकट्या मालकाचा नाही. भरपाई तुटपुंजी आणि उशिरा मिळणार असेल तर रोग लपवला जाणारच.

व्याख्यानांनंतर एक प्रश्न नेहमी येतो: मेलेला घोडा खाडीत सोडला तर? नाही, अजिबात नाही. कातडं काढायचं नाही, कुत्र्यांना मांस मिळू द्यायचं नाही. आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ते सांगतील तिथे खोल खड्डा, वर चुना. झूल, तोबरा, खरारा हे सगळं जाळायचं, आणि ते हाताळताना हातमोजे घालायचे.