नांगर सुटला, बर्फ कुटला!

जानेवारीत अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात शेतात काय उगवतं? फक्त थंडी! मका कधीच काढून झालाय, जमीन गोठून टणक झालीय. मग ट्रॅक्टर शेडमध्ये घोरत पडला असेल? छे हो, त्याची तर नाइट शिफ्ट सुरू झालीय! टायर उतरवून, रबरी पट्टे चढवून स्वारी निघालीय स्नोमोबाइलच्या, म्हणजे बर्फावर पळणाऱ्या स्कूटरच्या, ट्रेल्स गुळगुळीत करायला. या, बसा केबिनमध्ये. हीटर चालू आहे!

पृथ्वीप्रदक्षिणा, एकाच राज्यात

माहीत आहे का? एकट्या विस्कॉन्सिनमधल्या स्नोमोबाइल ट्रेल्सची लांबी भरते सुमारे २५,००० मैल, म्हणजे ४०,००० किलोमीटर. आणि विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर किती? ४०,०७५! यातल्या बऱ्याच ट्रेल्स जातात खासगी शेतांमधून, मालकाच्या परवानगीनं. जमीन शेतीची, ट्रॅक्टर शेतीचा, धमाल पाहुण्यांची!

मोगल विरुद्ध मावळे

स्नोमोबाइलचा पट्टा बर्फ उकरत पळतो. एक खळगा पडला की मागून येणारी प्रत्येक गाडी त्यातच आपटते आणि तो आणखी खोल करते. वीकेंडची गर्दी ओसरेपर्यंत ट्रेलभर उंचवट्यांची रांग! त्यांना म्हणतात मोगल. मोगल माजले की मैदानात उतरतात स्थानिक क्लबचे मावळे. बरेचसे स्वयंसेवक बरं का! दिवसा नोकरी, रात्री ट्रॅक्टर.

कापा, मळा, थापा!

ट्रॅक्टरच्या मागे असतो 'ड्रॅग', म्हणजे पाती बसवलेला लांबलचक पोलादी सांगाडा. पुढची पाती मोगल छाटतात, मधली बर्फ घुसळून एकजीव करतात आणि शेवटचा जड, सपाट पत्रा तो दाबून बसवतो. थोडक्यात भाकरीचीच रेसिपी, फक्त तवा थंडगार!

रात्रीस खेळ का चाले?

एक, रात्री ट्रॅफिक कमी. दोन, थंडी जास्त. घुसळलेल्या बर्फाचे कण थंडीत एकमेकांना घट्ट चिकटतात, पण त्यासाठी काही तास निवांत मिळावे लागतात. तेवढ्यात कुणी वरून गाडी हाणली, तर मेहनत बर्फात! आणि गंमत बघा: रात्रभर राबायचं ताशी दहा-बारा किलोमीटरनं, सकाळी लोक त्यावरून सुटणार सुसाट!

टायर आऊट, पट्टा इन

हिवाळ्यात ट्रॅक्टरचं चाक काढायचं आणि त्याच हबवर त्रिकोणी पट्ट्याचं युनिट बोल्टनं कसायचं. वजन मोठ्या जागेवर पसरतं, त्यामुळे धूड बर्फात रुतत नाही. साइड इफेक्ट? पट्टा फिरवणारं चाक टायरपेक्षा लहान, म्हणून वेग घटतो आणि ओढण्याची ताकद वाढते. इथे तेच तर हवंय! बर्फ वितळला की पुन्हा टायर.

काही ट्रॅक्टर तर कारखान्यातूनच पट्टे घालून येतात. केस आयएच या ट्रॅक्टर कंपनीचा 'क्वाडट्रॅक' १९९६ मध्ये आला तो चारही कोपऱ्यांत पट्टे घेऊन. याच कंपनीचे ऊसतोडणी हार्वेस्टर आपल्या चाकणला तयार होतात. एक भाऊ उसात, एक भाऊ बर्फात!

स्वस्त आणि मस्त

ट्रेल सपाट करायला खास बर्फासाठी बनवलेलं 'ग्रूमर' मशीन क्लबच्या खिशाला चांगलंच जड. ट्रॅक्टर त्यापेक्षा परवडतो, पार्ट गावातल्याच डीलरकडे मिळतो, दुरुस्तीला मेकॅनिकही ओळखीचा. मात्र तीव्र डोंगरउतार आणि कंबरभर भुसभुशीत बर्फ असेल, तर तिथे आजही 'पिस्टनबुली'सारख्या खास मशीनचंच राज्य!

ब्रेक? ते काय असतं?

पट्ट्यांची गाडी बर्फात नवी नाही. अमेरिकेच्या मेन राज्यातल्या अल्विन लोम्बार्डनं १९०१ मध्येच वाफेवर चालणाऱ्या, पट्टेवाल्या लाकूडओढ्या इंजिनाचं पेटंट घेतलं. पुढे चाकांऐवजी घसरपट्ट्या, आणि त्यांच्यावर बसलेला सुकाणूवाला, बॉयलरच्याही पुढे, उघड्यावर! ब्रेक? नव्हतेच. मागे लाकडांची माळ, पुढे बर्फाळ उतार... या नोकरीला अर्ज करणार का?

शेती अवजारवाल्यांचा उद्योग

स्नोमोबाइलच्या एका बड्या कंपनीचा जन्मही शेतीच्याच घरातला, माहीत आहे का? मिनेसोटातल्या रोझो गावची पोलारिस ही मूळची शेतीची अवजारं बनवणारी कंपनी. तिथल्या पहिल्या बर्फगाडीचा पट्टा धान्य वर चढवणाऱ्या कन्व्हेयरचा, आणि स्की शेवरलेच्या बंपरच्या. जुगाड फक्त आपलाच नाही, साहेब!

एका बापाची जिद्द

जरा गंभीर होऊ. १९३४ च्या हिवाळ्यात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये रस्ते बर्फानं बंद होते. जोझेफ-आर्मांद बोंबार्डिएचा दोन वर्षांचा मुलगा हॉस्पिटलपर्यंत पोचू शकला नाही आणि दगावला. बर्फावर चालणारी गाडी बनवण्याचा बापाचा ध्यास आणखी पक्का झाला. १९३७ मध्ये सात जण बसतील अशी पट्टेवाली गाडी त्यानं विकायला काढली. १९५९ मध्ये आली त्याची जगप्रसिद्ध स्नोमोबाइल, स्की-डू. आज शेती ट्रॅक्टरना पट्टे पुरवणारी सूसी कंपनीही याच क्वेबेकची!

एव्हरेस्टवाला ट्रॅक्टरवाला

तेनसिंगसोबत एव्हरेस्ट सर करणारे एडमंड हिलरी दक्षिण ध्रुवावर कशावरून गेले? ट्रॅक्टरवरून! तीन फर्ग्युसन ट्रॅक्टर, चाकांवर पट्टे चढवलेले. ४ जानेवारी १९५८ ला ही वरात ध्रुवावर दाखल. अमुंडसेन आणि स्कॉट यांच्यानंतर जमिनीवरून तिथे पोचलेली ही तिसरी तुकडी, आणि गाडी हाकत पोचलेली पहिलीच!

ही परंपरा अजून चालू आहे. अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळावरून ध्रुवाकडे सुमारे १,६०० किलोमीटर इंधन ओढत नेणाऱ्या अमेरिकी काफिल्यात चॅलेंजर आणि क्वाडट्रॅक हे शेतातलेच पहिलवान असतात.

खर्च कोण करतं?

विस्कॉन्सिन सरकार गृहीत धरतं, की प्रत्येक नोंदणीकृत स्नोमोबाइल वर्षाला ५० गॅलन पेट्रोल पिते. तेवढ्या पेट्रोलवरचा कर ट्रेल्सच्या खात्यात जमा! जो पळवेल, तोच भरेल.

जाता जाता...

मिनियापोलिस, शिकागो किंवा टोरोंटोच्या भाचे-पुतण्यांकडे हिवाळ्यात गेलात आणि स्नोमोबाइलवर बसलात, तर एवढं कराच: समोरून लुकलुकते दिवे लावलेला ट्रॅक्टर दिसला की वेग कमी करा, उजवीकडे व्हा, त्याला वाट द्या. आणि केबिनमधल्या माणसाकडे बघून मस्त हात हलवा. तो रात्रभर जागलाय, तुमच्या कमरेसाठी!