काळ्या पाण्यावर चाललात? मग एवढे वाचून जा!

दिवाळीचा फराळ डब्यांत पडला, पाहुण्यांची वर्दळ ओसरली, की मध्यमवर्गीय घरांत प्रवासाचे बेत शिजू लागतात. पूर्वी या बेतांची धाव माहूर, पंढरपूर, फार तर महाबळेश्वरपर्यंत असे. आता ती थेट अंदमानापर्यंत पोचली आहे. त्यात नवल नाही. सेल्युलर जेलची ती कोठडी एकदा डोळ्यांनी पाहावी ही मराठी माणसाची जुनी इच्छा, आणि जोडीला निळा समुद्र, पांढरी वाळू व नारळीची बने! आमच्या फुलसावंगीसारख्या यवतमाळ जिल्ह्यातल्या आडगावातूनही मंडळी नागपूर गाठतात, चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलतात आणि श्रीविजयपुरम् येथे उतरतात. पोर्ट ब्लेअरचे हे नवे नाव सप्टेंबर 2024 मधले. जुन्या माणसांच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच आहे.

जाणाऱ्यांनी जरूर जावे. पण जाण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण घाटावरची आणि वऱ्हाडातली माणसे उन्हाला ओळखतो, विंचूकाट्याला ओळखतो, पैनगंगेच्या पुरालाही ओळखतो. समुद्राला मात्र आपण ओळखत नाही. आणि प्रवासात अपघात होतात ते बहुधा भित्र्या माणसांना नव्हे, तर 'एवढे काय त्यात!' म्हणणाऱ्या धीट माणसांना.

या बेटांनी वसाहत उधळली होती

इंग्रजांनी 1789 साली लेफ्टनंट आर्चिबाल्ड ब्लेअर याच्याकरवी येथे पहिली वसाहत केली. 1792 मध्ये ती उत्तर अंदमानात हलवली, आणि रोगराईने माणसे इतकी पडू लागली, की 1796 मध्ये सारा बाडबिस्तरा गुंडाळून परत जावे लागले. पुढे 1858 मध्ये, सत्तावनच्या समरानंतर, कैद्यांची वसाहत नव्याने सुरू झाली. तेव्हाही जंगल तोडणाऱ्या कैद्यांचा मोठा बळी तापाने घेतला. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या सेल्युलर जेलच्या 698 कोठड्यांत पुढे जे राजबंदी आले, त्यांना कोलूइतकाच हिवतापाशीही सामना करावा लागला. स्वातंत्र्यवीर सावरकर जुलै 1911 मध्ये येथे आले आणि मे 1921 मध्ये त्यांना परत भारतात आणले गेले. ही दहा वर्षे कशी गेली असतील याची थोडी कल्पना तेथल्या दमट हवेत एक दुपार काढली तरी येते.

आजचे अंदमान तसे नाही. दवाखाने आहेत, गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे आणि हिवतापही पूर्वीपेक्षा पुष्कळ आटोक्यात आहे. पण हवा, पाणी आणि समुद्र तेच आहेत.

डास, आणि त्याहून गुपचूप येणारा ताप

आपल्याकडे डास म्हटला की गटार आठवते. अंदमानातल्या हिवतापाच्या डासाची रीत निराळी आहे. तो मचूळ पाण्यात, म्हणजे जेथे खाडीचे खारे पाणी पावसाच्या गोड्या पाण्यात मिसळते तेथे, अंडी घालतो. 2004 च्या त्सुनामीनंतर जमीन खचून अशी डबकी वाढली आणि आरोग्यखात्याची चिंताही वाढली. तेव्हा निवासस्थान कितीही स्वच्छ असले, तरी दिवेलागणीपासून पूर्ण बाह्यांचे कपडे, उघड्या अंगाला डास पळवणारे मलम आणि रात्री मच्छरदाणी, हा नेम मोडू नये. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारी झोपणाऱ्या बाळावरही जाळी असावी. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात की नाही, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. शेजारच्या काकूंनी घेतल्या होत्या म्हणून आपण घेऊ नयेत.

दुसरा ताप लेप्टोस्पायरोसिसचा. 26 जुलै 2005 च्या महापुरानंतर मुंबईकरांना हे नाव चांगलेच परिचयाचे झाले. अंदमानात हा रोग असल्याचे शास्त्रज्ञांनी 1931 सालीच लिहून ठेवले होते. तरीही 1988 पासून तेथे रक्तस्रावाचा एक विचित्र ताप दिसू लागला, तेव्हा लोक त्याला 'अंदमानचा ताप' म्हणू लागले. तपासाअंती तो हाच जुना रोग निघाला. उंदीर आणि गुरे यांच्या मूत्रातून हे जंतू चिखलात व साचल्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या लहानशा ओरखड्यातून शरीरात शिरतात. याचा जोर पावसाळा संपतासंपता, म्हणजे नेमका आपल्या दिवाळीच्या सुमारास असतो. शेतातून, ओढ्यातून अनवाणी चालण्याची आपल्या पोरांना भारी हौस. तेथे ती पुरवू नये.

परत आल्यावर महिनाभरात, किंवा त्यानंतर काही महिन्यांनीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिले वाक्य सांगावे: 'आम्ही अंदमानला जाऊन आलो.' या एका वाक्याने निदानाचे दोनतीन दिवस वाचतात, आणि कधीकधी त्या दिवसांवरच सारे अवलंबून असते.

वऱ्हाडचे ऊन आणि बेटाचे ऊन

'पंचेचाळीस अंशांत आम्ही कापूस वेचणीची पऱ्हाटी उपटतो, आम्हांला ऊन काय सांगता?' असे आमच्याकडचा माणूस म्हणेल. त्याचे म्हणणे खरे आहे, पण ते कोरडे ऊन. कोरड्या हवेत घाम चटकन उडून जातो आणि अंग थंड राहते. बेटावरच्या दमट हवेत घाम उडत नाही, नुसता निथळतो. पाणी व मीठ दोन्ही जातात आणि अंग निवत मात्र नाही. वर समुद्राचा वारा असा गोड लागतो, की ऊन कळतच नाही. संध्याकाळी आरशात लाल झालेले नाक दिसते तेव्हा कळते.

आणखी एक गंमत लक्षात ठेवा. अंदमान आपल्या पूर्वेला इतके दूर आहे, की घड्याळ तेच असूनही सूर्य तेथे यवतमाळपेक्षा सुमारे एक तास आधी माथ्यावर येतो. म्हणून आपले 'बारा ते तीन घरात' हे गणित तेथे 'दहा ते दोन सावलीत' असे करावे लागते. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधार भराभर पडतो. मुलांना साडेचारलाच पाण्याबाहेर काढावे.

डोक्याला टोपी किंवा आपला दुपट्टा, आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी. पाणी उकळलेले किंवा सीलबंद बाटलीतले असावे. शहाळे समोर फोडून घ्यावे, बर्फ टाळावा. जुलाब लागलेच, तर औषधाआधी जलसंजीवनी हवी. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. 1971 मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या मिठासाखरेच्या पाण्यावर पटकीचे असंख्य रोगी वाचवले. गृहिणींनी हे प्रमाण पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहूनच ठेवावे.

विहिरीतला पोहणारा आणि समुद्र

आता सर्वांत महत्त्वाचे. विहिरीत मुटका मारणारा गडी समुद्रातही पोहेल, ही समजूत जिवावर बेतते. विहिरीचे पाणी जागच्या जागी असते. नदी ओढते, पण एका दिशेला. समुद्र मात्र लाटांनी पाणी किनाऱ्याकडे आणतो आणि तेच पाणी एखाद्या अरुंद वाटेने जोराने परत नेतो. या परतीच्या ओढीची जागा वरून पाहता शांत दिसते, लाटा कमी दिसतात, आणि नवखा माणूस नेमका तेथेच उतरतो. 1 फेब्रुवारी 2016 रोजी आपल्याच कोकणात, मुरूडच्या किनाऱ्यावर, सहलीला आलेले पुण्याचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. ती तरुण, धडधाकट मुले होती.

अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. झुंजणारा दमतो आणि दमलेला बुडतो. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून हाक मारावी, आणि किनाऱ्याला समांतर पोहत त्या अरुंद प्रवाहाबाहेर पडावे. मग लाटाच आत आणतात. पोहता न येणाऱ्याने गुडघाभर पाण्यापुढे जाऊ नये. दुसऱ्याला वाचवायला उडी घेण्याआधी दोर, फळी, रिकामा डबा, हाती येईल ते तरंगणारे फेकावे.

अंदमानात याहून वेगळा एक धनी पाण्यात राहतो, तो म्हणजे खाऱ्या पाण्यातली मगर. एप्रिल 2010 मध्ये हॅवलॉक, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाजवळ, पाण्याखालचे प्रवाळ पाहणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा तिने बळी घेतला. खाडीच्या मुखाशी, खारफुटीजवळ व अंधार पडताना पाण्यात जाऊ नये. किनाऱ्यावरची पाटी छायाचित्र काढण्यासाठी नसून वाचण्यासाठी असते.

प्रवाळावर अनवाणी पाय ठेवू नये. त्याचा ओरखडा चिघळतो. जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन जंतुनाशक लावावे. काटेरी मासा डसल्यास तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरावा आणि दवाखाना गाठावा. पाणबुड्यांच्या पोशाखात खोल जाण्याची हौस असेल, तर दमा, हृदयविकार, साधे पडसेसुद्धा लपवू नये. अशा बुडीनंतर चोवीस तास विमानात बसू नये, नाहीतर रक्तात बुडबुडे होऊन मोठा अनर्थ ओढवतो.

होडीत बसण्यापूर्वी

26 जानेवारी 2014 रोजी पोर्ट ब्लेअरजवळ 'अ‍ॅक्वा मरीन' नावाची प्रवासी होडी बुडाली आणि 21 जण दगावले. होडीत तिच्या ताकदीपेक्षा फार अधिक माणसे होती. आपल्याकडे 'थोडे सरका' म्हणत गाडीत आणखी दोघे बसवण्याची रीत आहे. पाण्यावर ती रीत जीवघेणी ठरते. होडी भरलेली दिसली तर उतरावे. पैसे गेले तरी हरकत नाही. तरंगते जाकीट गळ्यात नुसते अडकवू नये, पट्टे आवळावेत, आणि लहान मुलांसाठी त्यांच्याच मापाचे मागावे. मळमळणाऱ्यांनी होडीच्या मध्यभागी बसून दूर क्षितिजाकडे पाहावे. पोट भरगच्च नको आणि रिकामेही नको. निघण्यापूर्वी डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि चघळायला आलेपाक पुरतो.

वादळाचे दिवस आले की बोटी बंद पडतात. डिसेंबर 2016 मध्ये हजाराहून अधिक प्रवासी स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप येथे अडकले होते आणि नौदलाने त्यांना सोडवून आणले. म्हणून रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे चारपाच दिवस जास्तीची घ्यावीत, ती हातातल्या पिशवीत ठेवावीत, आणि परतीच्या विमानाचा आदला दिवस लांबच्या बेटावर काढू नये.

ओंगे लोकांचे शहाणपण

26 डिसेंबर 2004 च्या सकाळी भूकंप झाला आणि समुद्र चालून आला. या बेटांवर हजारोंचा संसार वाहून गेला. पण लिटल अंदमानातल्या डुगाँग क्रीक येथील ओंगे लोक वाचले. जमीन हादरली, पाणी मागे हटले, आणि ते उंचावर निघून गेले. वाडवडिलांनी सांगून ठेवलेले त्यांनी ऐकले होते. आज इशारा देणारी यंत्रणा हैदराबादेत 2007 पासून आहे, तरी नियम तोच आहे. जमीन बराच वेळ हलली किंवा समुद्र अचानक ओसरला, तर शिंपले वेचायला पुढे धावू नका. उंचावर जा आणि काही तास खाली येऊ नका, कारण लाट एक नसते.

आणि आरोग्याची गोष्ट दुतर्फा असते. 1877 मध्ये बाहेरून आलेल्या गोवराने अंदमानी लोकांच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. 1999 मध्ये जारवा लोकांतही गोवर पसरला. त्यांच्या राखीव जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर गाडी थांबवणे, खाऊ फेकणे, छायाचित्र घेणे हा कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा त्यांना आपल्यापासून वाचवतो. आपल्या पोराचे साधे पडसे तेथे एखाद्या घराचा दिवा विझवू शकते, हे मुलांना गाडीत बसण्यापूर्वीच समजावून सांगावे.

पेटीत काय घ्यावे, हे शेवटी गृहिणींसाठी सांगतो: तापमापक, जलसंजीवनीची पाकिटे, जंतुनाशक, पट्ट्या, डासांचे मलम, मळमळीच्या गोळ्या, नेहमीची औषधे व त्यांची चिठ्ठी, बंद बूट आणि एक शिट्टी. जागा उरली, तर चकल्यांचा डबा. सेल्युलर जेलच्या रांगेत तो कामाला येतो!