पहिली ऑर्डर कोण देणार?

दिघीत बसून मी छोट्या कारखानदारांची जीएसटी विवरणपत्रं भरते, उद्यम नोंदणी करून देते. माझ्याकडे येणारे बहुतेक भोसरीच्या गाळ्यांतले. कुणाची लेथ, कुणाचं पावडर कोटिंग, कुणाचं फॅब्रिकेशन. उद्यमच्या अर्जात सामाजिक प्रवर्गाचा रकाना आला की काही जण अडखळतात. ‘ताई, हे पार्टीला दिसतं का?’ मी खरं ते सांगते. दिसतं. प्रमाणपत्रावर तो प्रवर्ग छापला जातो, आणि व्हेंडर कोड घेताना कंपनी तेच प्रमाणपत्र मागते.

ही धास्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारांवर सल्ला देणारी पेढी काढली होती. गिऱ्हाईक येऊ लागलं होतं. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ते आटलं आणि पेढी बंद पडली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना, हे आपल्याला ठाऊक असतं. पण ते स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला, हे फारसं कुणी सांगत नाही. मला ते तितकंच मोलाचं वाटतं.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी धंद्याची बाजू फार लवकर हाती घेतली. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०० साली बोस्टनमध्ये कृष्णवर्णीय व्यावसायिकांची संघटना उभारली. गुलामीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी जन्मलेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांनी केसांच्या औषधांचा कारखाना काढला आणि हजारो कृष्णवर्णीय बायकांना विक्रीचं काम दिलं. पण आमच्या पट्ट्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं घडलं ते १९६८ साली. जनरल मोटर्सने अल्पसंख्य समाजांतल्या पुरवठादारांकडून माल घेण्याचा खास कार्यक्रम सुरू केला. पुढे काही वर्षं तळेगावात मोटारींचा कारखाना चालवला ती हीच कंपनी.

आपल्याकडे हा विचार संघटित झाला तो पुण्यातच. लातूर जिल्ह्यातल्या चोबळीचे सिव्हिल इंजिनिअर मिलिंद कांबळे यांनी २००५ साली ‘डिक्की’, म्हणजे दलित उद्योजकांचं चेंबर, स्थापन केलं. नोकरी मागणारे नको, देणारे व्हा, ही त्यांची हाक. त्यांना आणि डबघाईला आलेली कमानी ट्यूब्ज सावरणाऱ्या कल्पना सरोज यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. मला मात्र अशोक खाडे जास्त जवळचे वाटतात. सांगली जिल्ह्यातलं पेड हे त्यांचं गाव, वडील मुंबईत चपला शिवायचे. माझगाव डॉकमध्ये काम शिकून खाडे बंधूंनी समुद्रातल्या तेलविहिरींसाठी बांधणी करणारी दास ऑफशोअर उभी केली. कंपनीत हात तयार झाला आणि मग स्वतःचं शेड टाकलं, ही वाट दिघी-भोसरीतल्या कितीतरी कामगारांची आहे.

मग अडतं कुठे? मोशी-चिखलीत जमिनीच्या पैशातून उभे राहिलेले गाळे पुष्कळ आहेत, आणि त्यात गैर काहीच नाही. पण ज्या घराच्या नावावर सातबाराच नाही त्याने भांडवल कुठून आणायचं? २०१६च्या स्टँडअप इंडिया योजनेत १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जाची सोय झाली. पण बँक विचारते, काम कुणाचं आहे, पीओ म्हणजे खरेदीची ऑर्डर दाखवा. कंपनी विचारते, मशीन कोणतं आहे, आधी ते दाखवा. या दोन टेबलांमध्ये पंधरा-पंधरा वर्षं व्हीएमसी चालवलेली माणसं हेलपाटे घालतात. सॅम्पल करून दाखवायची संधीसुद्धा त्यांना मिळत नाही.

केंद्र सरकारने २०१२च्या खरेदी धोरणात यावर उपाय केला. केंद्रीय खाती आणि सार्वजनिक कंपन्यांनी एकूण खरेदीपैकी ४ टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घ्यावा, असं उद्दिष्ट ठरलं. लघुउद्योगाला टेंडरचे कागद फुकट, बयाणा रक्कम माफ. त्याचा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत जास्त असला आणि तो त्या कमी दरावर उतरायला तयार असला, तर कामाचा काही हिस्सा त्याला मिळू शकतो. म्हणजे सरकारला जादा पैसा मोजावा लागत नाही. तरी प्रत्यक्ष खरेदी ४ टक्क्यांच्या बरीच मागे राहिली आहे. आणि चाकणच्या खासगी कारखान्यांना हे धोरण लागूच नाही.

म्हणून चाकण-तळवड्याच्या खरेदी विभागांतल्या साहेबांकडे माझी मागणी अगदी छोटी आहे. ड्रॉइंग द्या, एका लॉटचं सॅम्पल मागवा, तुमच्याच गेजने तपासा. नापास झालं तर खुशाल परत पाठवा. पास झालं तर पीओ काढा आणि बिल ४५ दिवसांत चुकतं करा. तो तर कायदाच आहे. प्रमाणपत्रावरचा तो रकाना तुमच्यासमोर येतोच. आजवर तो वाचून कुणाला वगळलं जात असेल, तर आता तोच वाचून एखाद्याला बोलावून घ्या.