कांदा आपला, पण बाहेर पाठवायचा की नाही ते सरकार ठरवतं. हा अधिकार येतो कुठून?

घोडेगाव (ता. नेवासा) : लिलावाच्या दिवशी इथल्या कांदा मार्केटात तासभर थांबा, एक प्रश्न हमखास ऐकू येतो. रान माझं, पाणी माझं, खता-मजुरीचा पैसा माझा, मग माल कुठं विकायचा हे दिल्लीवाले कोण ठरवणार? प्रश्न रागात विचारलेला असतो, म्हणून उत्तर कुणी देत नाही.

राज्यघटनेच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला धंदा-व्यापार करायचं स्वातंत्र्य दिलंय. पण त्याच कलमात पुढं असंही आहे, की सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी कायदा करून त्यावर वाजवी बंधनं घालता येतात. सगळं भांडण या 'वाजवी' शब्दाचं आहे. निर्यातीपुरता असा कायदा १९९२ चा, विदेशी व्यापार (विकास व नियमन) कायदा. त्याखाली केंद्र सरकार अधिसूचना काढून माल बाहेर पाठवायला मनाई करू शकतं. दरवेळी संसदेत मतदान लागत नाही. एक कागद निघाला की झालं.

२०२३ चं आठवा. ऑगस्टात निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबर संपता संपता टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं किलोला ६६ रुपयांच्या आसपास. त्याखाली पाठवायचंच नाही. ७ डिसेंबरला अधिसूचना निघाली आणि ८ पासून निर्यात बंद. मुदत ३१ मार्च २०२४ ची होती, ती संपायच्या आधीच पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबरात अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

आता डिसेंबरच का टोचला, ते शहरातल्या माणसाला सांगूनही कळत नाही. आपला गावरान कांदा मार्च-एप्रिलात निघतो, चाळीत टाकला की चार-पाच महिने दम धरता येतो. लाल कांद्याला तो दम नाही. काढला की विकावाच लागतो, नाहीतर सडतो. म्हणजे बंदी आली तेव्हा लाल कांदावाल्याकडं थांबायची सोयच नव्हती. त्याचं स्वातंत्र्य कागदावर तेवढंच होतं, पण हातात काही नव्हतं. बंदी तीच, भुर्दंड मात्र सगळ्यांना सारखा नाही.

दुसरी बाजूही बघितली पाहिजे, नाहीतर ही नुसती रडगाणी होईल. कांदा महागला की रोजंदारीवरच्या घरातली भाजी बेचव होते, आणि आपल्याच गावात ऊसतोडणीला जाणारी, मजुरी करणारी घरं कांदा विकत घेतात. १९९८ ला दिल्लीतलं सरकार पडलं, त्यात कांद्याच्या भावाचा मोठा वाटा होता, हे कुठलाच पक्ष विसरत नाही. सरकारनं हस्तक्षेपच करू नये, असं म्हणणं मला तरी पटत नाही.

कारण नियम आपल्यालाही लागतात. काही वर्षांपूर्वी मी एका काट्यावर गाडी तोलली, शंका आली म्हणून पुढं दुसऱ्या काट्यावर तोलली, तर ४० किलोचा फरक. त्या दिवशी मला स्वातंत्र्य नको होतं, वजनमापवाला हवा होता. उघडा लिलाव, प्रमाणित काटा, हे सगळं नियमनच आहे. २०१६ ला राज्य सरकारनं फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकली, तेव्हा व्यापारी ओरडले, आपण टाळ्या वाजवल्या.

मग भांडण कशाचं? माझ्या मते, कधी आणि कशावर बंधन येणार हे आधी माहीत नसण्याचं. २०२० मध्ये जीवनावश्यक वस्तू कायद्यात बदल झाला होता. फळं-भाजीपाल्याचा किरकोळ भाव १०० टक्के वाढला तरच साठ्यावर मर्यादा, असा आकडाच त्यात लिहिला होता. निर्यातीला तो लागू नव्हताच. त्याच सप्टेंबरात कांद्याची निर्यातही बंद झाली. पुढं तीन कृषी कायदे मागं घेताना, २०२१ मध्ये, हा बदलही गेला. त्या कायद्यांवर ज्याचं त्याचं मत असेल, पण आकडा लिहून ठेवायची गोष्ट मला चांगली वाटली होती. निर्यातीलाही तसंच हवं. भाव इतका झाला तर शुल्क, त्याच्या पुढं गेला तर बंदी, आणि लागू व्हायच्या आधी निदान महिनाभर सूचना. मग लाल कांदा किती लावायचा, हे माणूस हिशेबानं ठरवेल.

तोवर एवढं करा. व्हॉट्सॲपवर 'निर्यात बंद' किंवा 'निर्यात सुरू' असा मेसेज आला की लगेच गाडी भरू नका किंवा माल दाबून ठेवू नका. खरी अधिसूचना विदेश व्यापार महासंचालनालयाच्या वेबसाइटवर मोबाईलवरही उघडते. तारीख आणि 'कधीपासून लागू' ही ओळ आधी वाचा. इंग्रजी जड जात असेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोराला जवळ बसवा.