बेक्ड व्हेजिटेबल: एका भांड्यातले रसायनशास्त्र

अर्धवट वाफवलेल्या भाज्या, त्यांवर पांढरा सॉस आणि सर्वांत वर किसलेले चीज. ओव्हनमध्ये भाजलेला हा पदार्थ म्हणजे आपल्याकडे रुळलेले ‘बेक्ड व्हेजिटेबल’. फ्रेंच ‘ग्रातँ’च्या घराण्यातला हा प्रकार करायला सोपा आहे, मात्र तो भाजला जात असताना घडणाऱ्या घडामोडी थक्क करणाऱ्या आहेत.

पहिली करामत मैद्याची. 2 मोठे चमचे लोण्यात तेवढाच मैदा मंद आचेवर परतला, की प्रत्येक कणावर स्निग्धांशाचा थर बसतो. त्यामुळे 2 कप दूध थोडे थोडे घालून ढवळताना गुठळ्या होत नाहीत. दूध तापते तसे मैद्यातील पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि सॉस दाट होतो.

दुसरी करामत चीजची. चीजमध्ये केसिन या प्रथिनाचे जाळे असते आणि त्याला कॅल्शियमने बांधून ठेवलेले असते. उष्णतेने आधी स्निग्धांश पातळ होतो, मग जाळे सैल पडून चीज वाहू लागते. पनीर मात्र वितळत नाही. ते गरम दूध आम्लाने फाडून केलेले असते. आम्लामुळे कॅल्शियम निघून जाते आणि केसिनचे कण एकमेकांना घट्ट चिकटतात. प्रक्रिया केलेल्या चीजमधले क्षार स्निग्धांश धरून ठेवतात, म्हणून त्याला सहसा तेल सुटत नाही. असे चीज 1911 साली स्वित्झर्लंडमध्ये वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ श्टेटलर यांनी सिद्ध केले.

फ्लॉवर, गाजर, फरसबी, मटार मिळून 3 कप भाज्या घ्याव्यात. वाफवल्यावर त्या पूर्ण निथळाव्यात, नाहीतर सॉस पातळ होतो. मीठ, मिरपूड घालून भाज्या सॉसमध्ये मिसळाव्यात, वर 100 ग्रॅम चीज पसरावे आणि 200 अंश सेल्सिअसवर 20 ते 25 मिनिटे भाजावे.

तिसरी करामत इथे दिसते. आत पाणी असल्याने तापमान 100 अंशांच्या आसपासच राहते आणि भाज्या मऊ राहतात. पृष्ठभाग मात्र कोरडा पडून त्याहून बराच तापतो. तिथे प्रथिने आणि शर्करा यांच्यात, फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिल मायार यांनी 1912 साली वर्णन केलेली अभिक्रिया होते. खरपूस रंग आणि वास तिचाच.

शाकाहारी वाचकांनी चीज घेताना वेष्टनावरचे हिरवे चिन्ह अवश्य पाहावे. इटलीतील पार्मिजानो रेज्जानोसारख्या काही चीजसाठी वासराच्या जठरातील रेनेट हे दूध घट्ट करणारे विकर वापरले जाते.